ब्राह्मी घरच्या घरी: ओळख, लागवड, रस, चूर्ण आणि तूप

ब्राह्मीच्या बाबतीत पहिली चूक औषध बनवताना होत नाही, ती रोप आणतानाच होते. रोपवाटिकेत ब्राह्मी मागितली की बऱ्याचदा हातात मंडूकपर्णी पडते, काष्ठौषधीच्या दुकानातही दोन्ही एकाच नावानं मिळतात. दोन्ही बुद्धीला आणि स्मृतीला हितकारक मानल्या आहेत, त्यामुळे विषबाधेची भीती नाही. पण चव, मात्रा आणि कृती वेगळ्या आहेत. म्हणून सुरुवात ओळखीपासून.

ओळख

ब्राह्मी, म्हणजे जलब्राह्मी किंवा नीरब्राह्मी. शास्त्रीय नाव बॅकोपा मोनिएरी. ती जमिनीलगत पसरते आणि ओलीत, चिखलात, पाण्याच्या काठाला वाढते. खोड रसदार असतं, हिरवं किंवा किंचित जांभळट, आणि जमिनीला टेकलेल्या प्रत्येक पेरातून पांढरी मुळं फुटतात. पानं समोरासमोर असतात आणि त्यांना देठ जवळपास नसतोच. लांबी एक ते दोन सेंटिमीटर, टोकाकडे रुंद आणि बुडाकडे निमुळती, जाडसर. नखानं चिरडलं तर बोटाला पाणी लागतं. फूल पांढरं किंवा फिकट जांभळं, पाच पाकळ्यांचं, पानाच्या बेचक्यातून लांब देठावर एकेकटं येतं. शेवटची खात्री जिभेनं करायची: एक पान चावलं की कडवटपणा लगेच जाणवतो आणि बराच वेळ रेंगाळतो.

मंडूकपर्णी, म्हणजे सेंटेला एशियाटिका. मराठी वनस्पतिग्रंथांत हिला कारिवणा म्हटलंय, आणि कोकणात बऱ्याच घरी हिलाच ब्राह्मी म्हणतात. हिचं पान गोलसर, दोन ते पाच सेंटिमीटर रुंद, कडेला दातेरी आणि बुडाशी खाच असलेलं. त्या खाचेतून लांब देठ निघतो. कुळ कोथिंबिरीचं, त्यामुळे पान चुरगळलं की तशा वासाची हलकी झाक येते.

आणखी दोन वनस्पतींपासून सावध राहा. कुंड्यांत आणि मत्स्यालयांत लावतात त्या हायड्रोकॉटाइलचं पान मंडूकपर्णीसारखंच गोल असतं, पण त्याला खाच नसते आणि देठ पानाच्या मधोमध, छत्रीच्या दांडीसारखा जोडलेला असतो. ती औषधात घेऊ नका. दुसरी आपली घोळ. जाड पानांमुळे ती ब्राह्मीसारखी भासते. पण तिचं फूल पिवळं, खोड लालसर आणि चव आंबूस असते.

चरकसंहितेत जी चार मेध्य, म्हणजे बुद्धिवर्धक, रसायनं एकत्र सांगितली आहेत ती अशी: मंडूकपर्णीचा स्वरस (ताजा पिळलेला रस), दुधाबरोबर ज्येष्ठमधाचं चूर्ण, गुळवेलीचा रस आणि मुळा-फुलांसकट शंखपुष्पीचा कल्क, म्हणजे बारीक वाटलेला गोळा. त्यांत ब्राह्मीचं नाव नाही. ब्राह्मी येते अपस्मारावरच्या (फिट्सवरच्या) तुपात; तिथे ब्राह्मीचा रस, वेखंड, कोष्ठ आणि शंखपुष्पी घालून जुनं तूप सिद्ध करायला सांगितलंय. तेव्हा चुकून मंडूकपर्णी घरी आलीच तर ती फेकू नका. तिचा उपयोग पुढे सांगितला आहे.

शंखपुष्पीच्या बाबतीत गोंधळ याहून मोठा आहे. पांढऱ्या किंवा गुलाबी छटेच्या फुलांची, जमिनीवर पसरणारी कॉन्व्हॉल्व्ह्युलस ही खरी शंखपुष्पी म्हणून सर्वसाधारणपणे मानली जाते. बाजारात त्याच नावाखाली निळ्या फुलांची विष्णुक्रांता आणि गोकर्णही खपतात. चूर्ण झाल्यावर घरी ओळखणं शक्य नाही, म्हणून शंखपुष्पी फुलांसकट सुकलेली, अख्खीच घ्या.

रोप कुठून आणायचं, कुठून आणायचं नाही

ब्राह्मी पाण्यातले जड धातू मुळांतून ओढून घेते आणि साठवते. शिसं, कॅडमियम, क्रोमियम, पारा यांनी दूषित झालेलं पाणी शुद्ध करण्यासाठी या वनस्पतीचा अभ्यास होतो तो याच गुणामुळे. याचा सरळ अर्थ असा की नाल्याच्या कडेची, कारखान्याच्या सांडपाण्यावर वाढलेली, रस्त्यालगतच्या डबक्यातली ब्राह्मी कितीही तजेलदार दिसली तरी खाण्याची नाही. धुऊन धातू जात नाहीत, उकळूनही जात नाहीत.

गुरं चरतात त्या ओढ्या-तळ्याकाठची ब्राह्मी कच्ची खाण्यातही धोका आहे. पाण्यातल्या पानांवर यकृतातल्या चपट्या कृमीची अंडीवजा अवस्था चिकटलेली असू शकते आणि ती साध्या धुण्यानं सुटत नाही. रानातून आणलेलं रोप फक्त लागवडीसाठी वापरा. ते आपल्या कुंडीत, आपल्या पाण्यावर लावा, पहिली छाटणी खतात टाका आणि त्यानंतरची फूट औषधाला घ्या. ब्राह्मी घरी लावण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे: पाणी कुठलं, हे आपल्याला माहीत असतं.

मोठ्या लागवडीसाठी लखनौच्या सीमॅप या औषधी वनस्पतींच्या संशोधन संस्थेनं 'प्रज्ञाशक्ती' आणि 'सुबोधक' असे वाण दिले आहेत. घरच्या कुंडीला खात्रीच्या रोपवाटिकेतलं साधं रोप पुरतं.

लागवड

ब्राह्मीची मुळं वरच्या थरातच राहतात, म्हणून खोल कुंडी वाया जाते. रुंद आणि उथळ भांडं घ्या: साधारण 45 सेंटिमीटर लांब, 30 रुंद आणि 15 ते 20 खोल. प्लॅस्टिकचा ट्रे, जुनी टब, अर्धं कापलेलं पिंप, काहीही चालतं. आधी रंगाचा किंवा रसायनाचा डबा असलेलं भांडं मात्र नको, कारण वर सांगितलेला शोषून घेण्याचा गुण इथेही लागू आहे.

माती: दोन भाग बागेतली पोयटा माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग वाळू. नुसती काळी माती नको. सतत ओली राहिली की ती घट्ट बसते, मुळांशी हवा पोहोचत नाही आणि महिन्याभरात मातीला कुजका वास येऊ लागतो.

दहा सेंटिमीटर लांबीचे, चार-पाच पेरं असलेले तुकडे कापा. प्रत्येकाची खालची दोन-तीन पेरं मातीत आडवी दाबा, शेंडा वर ठेवा. दोन तुकड्यांत दहा सेंटिमीटर अंतर पुरे. पहिला आठवडा सावलीत ठेवा, माती चिखलासारखी ओली असू द्या. आठ-दहा दिवसांत नवी पालवी दिसली की सकाळचं चार-पाच तास ऊन मिळेल अशी जागा द्या. जुलै-ऑगस्ट हा लागवडीचा सगळ्यात सोपा काळ. पाणी सोय असेल तर फेब्रुवारीतही लावता येते. थंडीत वाढ जवळपास थांबते. ते रोप मेलेलं नसतं, खत घालून त्याला हलवायचा प्रयत्न करू नका.

माती कायम ओली हवी, वर पाणी साचलेलं असण्याची गरज नाही. ट्रेच्या तळाला भोक असेल तर खाली थाळी ठेवा आणि थाळीत दोन बोटं पाणी. डासांचा प्रश्न इथेच उभा राहतो: डेंग्यूचा डास आठ-दहा दिवसांत थाळीतल्या पाण्यात तयार होतो. दर चार-पाच दिवसांनी थाळी रिकामी करा, काठ आणि तळ हातानं घासा आणि मगच पुन्हा भरा. नुसतं पाणी ओतून दिलं तर काठाला चिकटलेली अंडी तशीच राहतात.

वाढताना काय बिघडतं ते पाहू. खोड लांबच लांब, पेरांत अंतर जास्त, पानं विरळ: ऊन कमी पडतंय. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या: बोअरचं क्षारयुक्त पाणी, त्यामुळे लोह मिळत नाही. अशा वेळी मातीवर पांढरा थरही दिसतो. शक्य तेव्हा पावसाचं पाणी द्या, आणि महिन्यातून एकदा भरपूर पाणी घालून क्षार खालून वाहू द्या. जुनी पानं पिवळी होऊन गळतात: नत्र कमी, मूठभर गांडूळखत पसरा. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत दुपारचं ऊन पानांच्या कडा जाळतं, तिथे अकरानंतर सावली द्या. पावसाळ्यात गोगलगायी आणि नाकतोडे एका रात्रीत ट्रे विरळ करतात. गोगलगायी संध्याकाळी हातानं वेचा, नाकतोड्यांसाठी बारीक जाळी टाका. कडुनिंबाचं तेल फवारलं तर पुढचे दोन आठवडे त्या ट्रेतली पानं खाऊ नका, कारण तो वास आणि कडवटपणा रसात उतरतो. रासायनिक कीटकनाशकाचा विषयच नाही.

काढणी आणि सुकवणं

लागवडीपासून अडीच-तीन महिन्यांनी पहिली काढणी. मातीपासून पाच सेंटिमीटर खोड ठेवून वरचा भाग कात्रीनं कापा, उपटू नका. उरलेल्या बुंध्यातून पुन्हा फूट येते आणि दीड-दोन महिन्यांत ट्रे भरतो. पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमधली काढणी सुकवायला सगळ्यात चांगली, कारण रोप भरात असतं आणि हवा कोरडी झालेली असते. एका ट्रेमधून एका वेळी तीनशे-चारशे ग्रॅम ओली ब्राह्मी निघाली तर लागवड उत्तम चालली आहे असं समजा.

धुताना तीन पाणी बदला. पेरांवरच्या मुळांत चिखल अडकतो, म्हणून पहिल्या पाण्यात दहा मिनिटं बुडवून ठेवा म्हणजे माती तळाला बसते. मग जाड कापडावर पसरून पाणी पूर्ण निथळू द्या.

सुकवायची सावलीत, एका थरात, चाळणीवर किंवा बांबूच्या सुपात, पंख्याखाली. रोज उलटायची. पानं तीन-चार दिवसांत वाळलेली वाटतात आणि इथेच घाई होते: खोडात पाणी शिल्लक असतं, आणि तशीच बरणीत भरली की पंधरा दिवसांत पांढरी बुरशी येते. खोड वाकवल्यावर काडीसारखं 'कट्' मोडलं पाहिजे. त्याला हवेप्रमाणे सात ते दहा दिवस लागतात. किलोभर ओलीपासून शंभर ते दीडशे ग्रॅम सुकी ब्राह्मी मिळते. कडक उन्हात ती लवकर वाळते, पण तपकिरी पडते आणि कसही कमी होतो. नीट सुकलेली ब्राह्मी हिरवट-तपकिरी दिसते. भर पावसाळ्यात सुकवण्याच्या भानगडीत पडू नका, तेव्हा ताजी वापरा.

स्वरस

शंभर ग्रॅम ताजी, निथळलेली ब्राह्मी खोडासकट बारीक चिरा. दगडी खलात कुटा किंवा मिक्सरच्या छोट्या भांड्यात थांबून थांबून फिरवा. मिक्सर सतत चालवला तर रस तापतो आणि फेसच फेस होतो, कारण ब्राह्मीत सॅपोनिन, म्हणजे साबणासारखे फेस आणणारे घटक असतात. पाणी घालायचं नाही. अगदीच फिरत नसेल तर दोन चमचे घाला आणि तो रस पातळ झालाय हे लक्षात ठेवा. मलमलच्या कापडातून पिळा. पन्नास ते साठ मिलिलिटर गडद हिरवा रस निघतो.

प्रौढ माणसासाठी सुरुवात पाच मिलिलिटर, म्हणजे एक चहाचा चमचा, दिवसातून एकदा. आठवडाभर पोटाची काही तक्रार नसेल तर दहा मिलिलिटर. ग्रंथांत आणि व्यवहारात वीसपर्यंत देतात, पण तो वैद्याचा निर्णय असावा. कडवटपणासाठी अर्धा चमचा मध चालतो. रस त्याच दिवशी संपवा. फ्रीजमध्ये ठेवलेला रस दुसऱ्या दिवशी काळपट होतो आणि आंबायला लागतो. त्यापेक्षा रोज सकाळी दहा-पंधरा ग्रॅम शेंडे खुडून ताजा रस काढणं बरं. एका माणसाच्या रोजच्या रसाला दोन-तीन ट्रे आळीपाळीनं पुरतात.

चूर्ण

सुकी ब्राह्मी अख्खीच साठवा आणि एका वेळी महिनाभराचीच दळा. दळल्यावर वस्त्रगाळ करा. जाड राहिलेली खोडं पुन्हा दळा, टाकू नका. काचेच्या बरणीत, उजेडापासून दूर ठेवा.

मात्रा एक ते तीन ग्रॅम, दिवसाला. चमच्यानं मोजणं फसवं आहे: हलक्या, फुललेल्या चूर्णाचा सपाट चमचा आणि दाबून भरलेला चमचा यांत दुपटीचा फरक पडू शकतो. शंभर ग्रॅमपर्यंत अचूक मोजणारा छोटा डिजिटल काटा मिळतो. एकदा एक ग्रॅम मोजून ते चमच्यात किती दिसतं ते पाहून ठेवा. चूर्ण कोमट दुधाबरोबर किंवा अर्धा चमचा तुपात कालवून, जेवणानंतर घ्या. ब्राह्मीतले घटक स्निग्ध पदार्थाबरोबर चांगले घेतले जातात म्हणून परंपरेत तूप आणि दूध आहे. उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर घेतलं की मळमळ, पोटात मुरडा, दोन-तीनदा शौचाला जावं लागणं या तक्रारी जास्त येतात. मध आणि तूप दोन्ही घालायचं असेल तर समप्रमाणात घालू नका; आयुर्वेदात ते विरुद्ध मानलंय.

विकतचं चूर्ण घेताना पाण्यात हलवून फेस आला म्हणजे ब्राह्मी अस्सल, असं सांगितलं जातं. ते अर्धवट आहे. मंडूकपर्णीलाही फेस येतो. फेस अजिबातच आला नाही आणि चवही कडू नाही, तर मात्र ते चूर्ण जुनं किंवा भेसळीचं समजून परत करा. शक्यतो सुकी अख्खी वनस्पती विकत घ्या, कारण भिजवल्यावर देठ नसलेली समोरासमोरची पानं उलगडतात आणि ओळख पटते.

ब्राह्मी तूप

हे काम निगुतीचं आहे, पण घरी नीट जमतं. ग्रंथातल्या पाठात वेखंड आणि कोष्ठ आहेत. वेखंडाच्या काही जातींत बीटा-असॅरोन हा घटक जास्त असतो आणि तो पोटात घेण्याबाबत सुरक्षिततेचे गंभीर प्रश्न आहेत, म्हणून घरच्या तुपात वेखंड नको. तो पाठ वैद्यानं सांगितला तर औषधनिर्मात्याकडचंच तूप घ्या. इथे फक्त ब्राह्मीचं साधं तूप.

शार्ङ्गधरसंहिता या आयुर्वेदाच्या ग्रंथातलं प्रमाण असं: तुपाच्या चौपट द्रव, आणि द्रव जर स्वरस असेल तर कल्क तुपाच्या आठव्या हिश्श्याइतका; काढा असेल तर सहाव्या हिश्श्याइतका. म्हणजे शंभर ग्रॅम गाईच्या तुपाला 400 मिलिलिटर ब्राह्मीचा रस आणि 12 ग्रॅम ताजी ब्राह्मी बारीक वाटून. रसासाठी साधारण 800 ग्रॅम ते एक किलो ओली ब्राह्मी लागते, म्हणजे तीन-चार ट्रेची एकदाची काढणी.

तेवढी ताजी नसेल तर सुक्या ब्राह्मीवर भागवा. त्यासाठीही नियम आहे: सुक्या द्रव्यात आठपट पाणी घालून चौथा हिस्सा उरेपर्यंत आटवायचं. 200 ग्रॅम जाडसर कुटलेली ब्राह्मी, 1600 मिलिलिटर पाणी, रात्रभर भिजवून सकाळी झाकण न ठेवता मंद आचेवर आटवा. सुरुवातीला 400 मिलिलिटर पाणी पातेल्यात ओतून त्याची उंची लाकडी पट्टीवर खूण करून ठेवा, म्हणजे शेवटी अंदाजानं काम करावं लागत नाही. सुक्या वनस्पतीनं बरंच पाणी धरलेलं असतं, म्हणून गाळल्यावर कापड घट्ट पिळा. याला कल्क 16-17 ग्रॅम: चूर्ण पाण्यात भिजवून गोळा करा.

भांडं जाड बुडाचं स्टीलचं किंवा कल्हई केलेलं पितळी. ॲल्युमिनियम आणि लोखंड नको. आकार जिन्नसांच्या किमान तिप्पट हवा, कारण सॅपोनिनमुळे फेस भसाभसा वर येतो आणि एका क्षणात तूप शेगडीवर जातं.

तूप मंद आचेवर वितळवा. आच बंद करून त्यात कल्क घाला, मग रस थोडा थोडा ओता. तापलेल्या तुपात रस एकदम ओतला तर उडतो आणि हात भाजतो. पुन्हा सगळ्यात मंद आच. लाकडी उलथन्यानं तळ खरवडत राहा. कल्क जड असतो, तळाशी बसतो आणि सगळ्यात आधी तोच करपतो.

हे एका दिवसात उरकायचं नाही, असा ग्रंथाचाच दंडक आहे. निम्मा रस आटला की थांबा, गार झाल्यावर झाका, दुसऱ्या दिवशी पुढे चालू करा. त्या रात्रीत कल्क तुपात मुरतो. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या दमट उकाड्यात बारा तासांपेक्षा जास्त ठेवू नका, आंबूस वास आला तर सगळं गेलं.

दुसऱ्या दिवशी पाणी संपत आलं की आवाज बदलतो. आधीचा जड 'बुडबुड' बारीक चरचरीत बदलतो, फेस कमी व्हायला लागतो आणि तुपाचा हिरवा रंग स्वच्छ दिसू लागतो. आता शेगडीपासून हलायचं नाही. तयार झाल्याच्या तीन खुणा आहेत. कल्क चमच्यात थोडा गार करून दोन बोटांत वळला की त्याची वात होते, बोटाला चिकटत नाही. कापसाची वात त्या तुपात भिजवून पेटवली तर तडतड न करता शांत जळते. आणि तुपावरचा फेस बसतो. तेलाच्या बाबतीत हे उलट असतं: तेल सिद्ध होताना फेस वर येतो. तिन्ही खुणा जुळल्या की लगेच उतरवा.

वात चिकट असेल, पेटवल्यावर तडतडली तर पाणी शिल्लक आहे. असं तूप महिन्याभरात खवट होतं किंवा वर बुरशी धरतं. कल्क कडक, दाणेदार, चुरा होणारा झाला तर तो खरपाक. असं तूप पोटात घेण्यापेक्षा डोक्याला लावायला ठेवा. कल्क काळा पडला आणि जळका वास आला तर ते तूप टाकून द्या, दुरुस्त होत नाही. पोटात घ्यायला मध्यमपाक, म्हणजे वरच्या तिन्ही खुणा जुळलेलं तूप हवं.

कोमट असतानाच मलमलमधून गाळा, कल्क पिळून घ्या. शंभर ग्रॅमपैकी थोडं तूप कल्कात राहतंच. पूर्ण कोरड्या काचेच्या बरणीत भरा, गार झाल्यावर झाकण लावा आणि दर वेळी कोरडाच चमचा घाला. घरच्या तुपावर तारीख लिहा आणि सहा महिन्यांत संपवा.

मात्रा अर्ध्या चमच्यापासून एक चमचा, म्हणजे पाच ग्रॅमपर्यंत, सकाळी कोमट पाण्याबरोबर. तूप घेतल्यावर कडकडून भूक लागेपर्यंत खाऊ नका. जीभ पांढरी, पोट जड, भूक नाही अशी स्थिती असेल तर तूप थांबवा. पित्ताशयात खडे असतील किंवा वाढलेल्या कोलेस्टेरॉलवर उपचार चालू असतील तर तुपाऐवजी चूर्ण, तेही डॉक्टरांना विचारून.

ताटातली ब्राह्मी

पश्चिम बंगालमध्ये ब्राह्मीची पानं तुपात परतून गरम भाताबरोबर पहिल्या घासाला खातात. आपल्याकडेही ते सहज जमतं: मूठभर कोवळे शेंडे, एक चमचा तूप, मीठ, दोन मिनिटं. कडू लागतं, पण भातात खपतं.

मंडूकपर्णी ताटात जास्त रमते. पंधरा-वीस पानं, अर्धी वाटी ओलं खोबरं, अर्धा चमचा जिरं, चार मिरी. जिरं-मिरी थोड्या तुपावर परतून घ्या, त्यातच पानं मिनिटभर मऊ करा, खोबऱ्याबरोबर गंधासारखं वाटा आणि दोन वाट्या ताज्या ताकात कालवा. मीठ आणि वरून तुपाची फोडणी. ही तंबळी भाताबरोबर चांगली लागते. ताक घातल्यावर गरम करायची नाही, फुटते.

किती दिवस, आणि काय अपेक्षा ठेवायची

ऑस्ट्रेलियात 2001 आणि 2002 साली निरोगी प्रौढांवर ज्या चाचण्या प्रसिद्ध झाल्या त्यांत ब्राह्मीचा अर्क रोज 300 मिलिग्रॅम, सुमारे बारा आठवडे दिला होता (2002च्या चाचणीत 90 किलोवरच्या वजनाला 450). फायदा दिसला तो नवी माहिती शिकण्यात आणि शिकलेलं टिकण्यात, आणि तोही काळानं. म्हणून परीक्षेच्या आदल्या आठवड्यात ब्राह्मी सुरू करून काही साधत नाही. पुढच्या फेब्रुवारी-मार्चसाठी दिवाळीच्या सुट्टीपासून सुरुवात हवी, आणि दहावी-बारावीच्या मुलामुलींना ती वैद्याच्या सल्ल्यानं, वजनानुसार मात्रा ठरवूनच द्यावी. तीन महिने घ्या, मग महिनाभर थांबा आणि फरक पडला का ते प्रामाणिकपणे पाहा. नाही पडला तर मात्रा वाढवू नका, बंद करा.

इथे एक घोटाळा वारंवार होतो. 300 मिलिग्रॅम हा आकडा अर्काचा आहे. तेवढं चूर्ण घेतलं तर ते फारच कमी पडतं, आणि चूर्णाच्या हिशेबानं तीन ग्रॅम अर्क घेतला तर तो दसपट होतो. गोळीच्या वेष्टनावर अर्क आहे की चूर्ण, आणि बॅकोसाइड (ब्राह्मीतला मुख्य घटक) किती टक्के, हे वाचूनच घ्या.

विसराळूपणा नव्यानं सुरू झाला असेल तर आधी रक्ततपासणी: बी 12 आणि थायरॉइड. शाकाहारी घरांत बी 12 ची कमतरता सर्रास असते, त्यानं स्मृती मंदावते आणि हातापायांना मुंग्या येतात. ती ब्राह्मीनं भरून निघत नाही. अचानक गोंधळल्यासारखं होणं, बोलणं अडखळणं, तोंड एका बाजूला ओढलं जाणं ही पक्षाघाताची लक्षणं आहेत. तेव्हा एक मिनिटही न घालवता रुग्णालय गाठायचं.

कोणी घेऊ नये

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी स्वतःच्या मनानं घेऊ नये. नाडी मंद असणारे, पोटात व्रण असणारे, दम्याचे रुग्ण यांनी टाळावी, कारण ब्राह्मीच्या परिणामानं नाडी आणखी मंदावू शकते, पोटातला स्राव आणि श्वासमार्गातला कफ वाढू शकतो. अल्झायमरसाठी डोनेपेझिलसारखी औषधं चालू असतील तर दोघांचा परिणाम एकाच दिशेनं होतो आणि त्रास वाढतो. थायरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्यांनीही विचारूनच घ्यावी. उंदरांवरच्या प्रयोगात ब्राह्मीनं थायरॉइडचं संप्रेरक वाढलेलं आढळलंय. झोपेच्या किंवा फिट्सच्या गोळ्या चालू असतील तर ब्राह्मी डॉक्टरांना सांगूनच सुरू करा, आणि फिट्सची गोळी ब्राह्मीच्या भरवशावर कधीही बंद करू नका. ठरवून शस्त्रक्रिया असेल तर दोन आठवडे आधी थांबवा आणि भूलतज्ज्ञांना दाखवायच्या औषधांच्या यादीत ब्राह्मीचं नाव, मात्रा आणि शेवटचा डोस कधी घेतला ते लिहा.